सातबारा की पारावरच्या गप्पा? खेळाडूच्या विश्वकोशातल्या नोंदीत घरचं किती लिहायचं

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री भारताच्या महिला संघाने नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. उपकर्णधार स्मृती मानधना सांगलीत वाढलेली, त्यामुळे इकडच्या लोकांना तो विजय जरा जास्तच घरचा वाटला. त्याच महिन्यात तिचं सांगलीत होणारं लग्न पुढे ढकललं गेलं, आणि डिसेंबरात तिने स्वतःच ते होणार नसल्याचं जाहीर करून विषय इथेच थांबवा अशी विनंती केली.

मधल्या दिवसांत मोबाइलवर काय काय फिरलं ते सगळ्यांनी पाहिलंय. आता समजा, विकिपीडियावर किंवा आणखी कुठल्या विश्वकोशात तिची नोंद लिहायची आहे. यातलं किती घ्यायचं? काहीजण म्हणतील सगळं, कारण ते घडलं. काहीजण म्हणतील काहीच नको, कारण ते खासगी.

उत्तर वर लिहून झालंय: एक वाक्य. त्यात दुसऱ्या व्यक्तीचं नाव नाही, कारण नाही, घरातल्या कुणाच्या तब्येतीचा उल्लेख नाही. तरी काय झालं ते वाचकाला कळलं, आणि जे लिहिलं ते तिच्याच जाहीर शब्दांवर उभं आहे. एवढ्यावर थांबायचं कसं ठरवतात, ते आता सावकाश पाहू.

विश्वकोश म्हणजे गौरव अंक नव्हे

सातारा जिल्ह्याला विश्वकोश नवा नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम वाईत बसून उभं केलं, पहिला खंड १९७६ ला निघाला. त्या खंडांतली कुठलीही व्यक्तीची नोंद उघडा. आधी आडनाव, मग नाव, कंसात जन्म-मृत्यूच्या तारखा, आणि लगेच त्या माणसाने काय केलं ते. ‘माणदेशी मातीतला हिरा’ वगैरे काही नाही. तो मजकूर कोरडा वाटतो, पण त्या कोरडेपणामुळेच तो पन्नास वर्षांनी वाचला तरी शिळा होत नाही.

फरक समजायला सातबारा डोळ्यांसमोर आणा. जमीन कुणाची, यावर गावच्या पारावर दहा मतं असतात. ‘ती तर थोरल्याने धाकट्याच्या नावावर केली म्हणे’ असं शंभर जणांनी सांगितलं तरी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) तेवढ्यावर नाव चढवत नाही. त्याला दस्त लागतो. मग गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच नोंद पक्की होते. शिवाय उताऱ्यावर फक्त जमिनीचं लिहितात. मालकाचं बायकोशी पटतं का, याला सातबाऱ्यावर रकाना नाही.

खेळाडूची नोंद अशीच असते. ती खेळाच्या कामगिरीसाठी उघडलेली असते. पदक नसतं, विक्रम नसता, तर नोंदच नसती. त्यामुळे प्रत्येक खासगी तपशिलाला एकच प्रश्न विचारायचा: ही ओळ काढली, तर खेळाची गोष्ट अडते का? अडत असेल तर ठेवा. अडत नसेल तर ती कितीही खरी आणि कितीही रंजक असली तरी पारावर राहू द्या.

तीन चाळण्या, आणि त्यांचा क्रम

तासगावच्या सौद्यात बेदाणा येतो तो काड्या काढून, चाळून आणि रंग-आकार बघून प्रतवारी लावून. काडीकचरा तसाच ठेवून प्रतवारी केली तर वरचा माल चांगला दिसतो आणि आत हात घातला की काडी टोचते. इथेही क्रम महत्त्वाचा.

पहिली चाळण: हे कशावरून? विश्वकोशाच्या भाषेत ‘संदर्भ’, म्हणजे वाचकाला स्वतः तपासता येईल असा छापील किंवा अधिकृत पुरावा. जागतिक महासंघाच्या निकालांची पानं, ऑलिंपिकचे अधिकृत निकाल, वार्ताहराच्या नावानिशी आलेली बातमी, खेळाडूची मुलाखत हे चालतं. चाहत्यांचं पान चालत नाही. ‘वय, उंची, प्रियकर, एकूण संपत्ती’ अशा रकान्यांची संकेतस्थळं तर मुळीच नाहीत. त्यांचे आकडे कुठून येतात ते कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी चाळण: खेळाशी संबंध काय? पहिल्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात, २०२३ साली, बंगळुरूने मानधनाला ३ कोटी ४० लाखांना घेतलं आणि ती त्या लिलावातली सर्वांत महाग खेळाडू ठरली. हा पैशाचा आकडा असूनही नोंदीत बसतो, कारण लिलाव जाहीर होता आणि तो खेळाच्या इतिहासाचा भाग आहे. तिच्याकडे गाड्या किती, हा आकडा बसत नाही.

तिसरी चाळण: यातून कुणाला इजा होईल का? खेळाडूला, आणि त्याहून जास्त तिच्या आसपासच्या माणसांना. आईने, धाकट्या भावाने, शेजाऱ्याने प्रसिद्धी मागितलेली नसते. लिहिणारे सर्वाधिक चुकतात ते या तिसऱ्या चाळणीत, कारण पहिल्या दोन पार केल्या की हात आपोआप पुढे सरकतो.

जन्मतारीख: सगळ्यात साधी, सगळ्यात फसवी

आपल्याकडे गावोगावी १ जूनला वाढदिवस असलेल्यांची गर्दी आहे. कारण सगळ्यांना माहीत आहे: शाळेत नाव घालताना तारीख आठवली नाही की गुरुजींनी जूनची पहिली टाकली. म्हणून जुन्या पैलवानांच्या बाबतीत दाखल्यावरची तारीख, घरच्यांनी सांगितलेली तारीख आणि स्पर्धेच्या नोंदीतली तारीख अशा तीन वेगवेगळ्या निघू शकतात. अशा वेळी आपल्या मनाने एक निवडून ठोकून द्यायची नाही. दोन विश्वासार्ह ठिकाणी वेगळ्या तारखा असतील तर दोन्ही संदर्भासकट द्यायच्या, किंवा फक्त वर्ष द्यायचं.

हयात खेळाडूच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. नाव आणि पूर्ण जन्मतारीख हाती आली की बँकेत किंवा फोनवर दुसऱ्याच्या नावाने बोलणं सोपं होतं. म्हणून पूर्ण तारीख तेव्हाच द्यावी, जेव्हा ती महासंघाच्या पानावर किंवा खेळाडूच्या संमतीने सर्वत्र छापली गेलेली असते. शाळेच्या दाखल्याचा, आधारचा, पासपोर्टचा फोटो ‘पुरावा’ म्हणून चढवणं हा तर शुद्ध आगाऊपणा. पुरावा खरा असतो, पण तो तिथे टाकायचा नसतो.

‘घरची परिस्थिती हलाखीची’

हे वाक्य मराठी क्रीडा पानांवर इतकं वापरलंय की आता त्याचा अर्थच झिजला. गरिबी लिहावी का? लिहावी, पण ती गोष्टीत काही करत असेल तर.

गोळेश्वरचे खाशाबा जाधव पाहा. कराड तालुक्यातलं गाव, जन्म १५ जानेवारी १९२६. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक; स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आता हेलसिंकीला जायला पैसे नव्हते आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण ठेवलं, ही ओळ काढून बघा. पदक हवेतून आल्यासारखं वाटेल. त्या काळात पैलवान ऑलिंपिकला कसा पोहोचत होता, हे त्या एका आकड्यात आहे. म्हणून ती ओळ राहते. १४ ऑगस्ट १९८४ चा रस्ते अपघातातला मृत्यूही राहतो. पण अपघातस्थळाचं वर्णन, घरच्यांचा आक्रोश? नाही.

सांगलीचा संकेत सरगर आजचा आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवलं. सुवर्णविजेता फक्त एका किलोने पुढे होता. कुटुंबाची चहाची आणि पानाची टपरी, हे त्याने आणि घरच्यांनी उघडपणे, अभिमानाने सांगितलेलं आहे. एक वाक्य पुरतं. टपरी कुठल्या चौकात, रोजचा गल्ला किती, कुणाचं देणं किती राहिलंय, हे सांगून त्याच्या उचललेल्या वजनात एक ग्रॅमही वाढत नाही.

नातेवाइकांची नावं कधी येतात? तो नातेवाईक स्वतः त्या क्षेत्रात असेल तर. सरगरची बहीण काजोल हिने खेलो इंडिया युवा स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्येच सुवर्ण मिळवलंय, तिचं नाव येणं स्वाभाविक. सांगलीत जन्मलेले बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर १९६१ च्या पहिल्यावहिल्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी; त्यांचे चिरंजीव गौरव टेनिसपटू, त्यामुळे तेही येतात. लहान मुलांच्या बाबतीत मात्र ‘दोन मुलं’ एवढंच. नावं नाहीत, शाळा तर नाहीच.

शरीर: कधी तेच गोष्टीचा कणा असतं

आजार, दुखापत, अपंगत्व ही सर्वांत खासगी माहिती. पण खेळ शरीरानेच खेळतात, त्यामुळे इथे सरसकट ‘नको’ म्हणून भागत नाही.

वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहून त्यांनी भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण मिळवलं, वेळ ३७.३३ सेकंद. गोळ्या वगळून ही नोंद लिहिताच येत नाही. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं ते एफ ४६ गटात. एफ म्हणजे मैदानी फेकीचे-उडीचे प्रकार, ४६ म्हणजे हाताला अपंगत्व असलेले पण उभं राहून खेळणारे. गट सांगितला की वाचकाला हवं तेवढं कळलं. शाळकरी वयातल्या अपघाताने हात अधू झाला, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे, तेही चालतं. त्यापुढे शस्त्रक्रिया किती, डॉक्टर कोण, औषधं कोणती, हा दवाखान्याचा कागद झाला.

ढोबळ नियम असा: मैदानावर सगळ्यांदेखत झालं ते सार्वजनिक, दवाखान्यात झालं ते खासगी. बर्मिंगहॅममध्ये १३९ किलो उचलताना सरगरच्या कोपराला इजा झाली, साऱ्या जगाने पाहिलं, आणि सुवर्ण तिथेच निसटलं. ही ओळ हवीच. वजनाचंही तसंच. महिला खेळाडूचं आजचं वजन किती, ही उगाच चौकशी. पण ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाट ऑलिंपिक अंतिम लढतीआधी ५० किलो गटात १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली, तिथे ते शंभर ग्रॅमच बातमी होते.

उलट बाजूही बघा. २०१६ ला हॅकरांनी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेतून खेळाडूंची वैद्यकीय कागदपत्रं चोरून उघड केली. त्यात औषधवापराच्या सवलती होत्या, म्हणजे आजारपणामुळे एखादं बंदी असलेलं औषध घ्यायला मिळालेली रीतसर परवानगी. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचं नाव त्यात आलं. त्यानंतर तिने स्वतःच आपल्याला काय आहे ते सांगितलं. आज तिच्या नोंदीत ते आहे, पण तिच्या निवेदनाच्या आधारावर. चोरीच्या कागदाच्या आधारावर नाही. माहिती तीच असली तरी आधार बदलला की ती लिहिण्याचा हक्कही बदलतो.

जात, धर्म: ‘लिहिलं तर बिघडलं काय?’

पदक आलं की चौकात पहिला फ्लेक्स लागतो तो बऱ्याचदा समाजाचा. ‘आपल्या समाजाची कन्या.’ त्यामुळे नोंदीत जात घालण्याचा मोह होतो, आणि बहुतेक वेळा ती आडनावावरून ओळखलेली असते. आपल्याकडे एकच आडनाव चार-चार समाजांत सापडतं, हे लग्नं जमवणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणजे पहिल्याच चाळणीत काडी अडकली. हयात व्यक्तीच्या बाबतीत नियम साधा: तिने स्वतः सांगितलं असेल, आणि तिच्या खेळाशी त्याचा संबंध असेल, तरच. दोन्ही हवं, एकाने भागत नाही.

संबंध कधी असतो याचं अस्सल उदाहरण सांगलीचंच आहे. विजय हजारे, जन्म सांगली, ११ मार्च १९१५. ते ख्रिस्ती होते. हे का लिहायचं? कारण तेव्हा मुंबईची सगळ्यात मोठी क्रिकेट स्पर्धा धर्मावर बेतलेली होती: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि यांपैकी कुणीच नसलेल्यांचा ‘रेस्ट’ म्हणजे उरलेल्यांचा संघ. हजारे रेस्टकडून खेळत. १९४३-४४ च्या हंगामात हिंदू संघाविरुद्ध अंतिम सामन्यात रेस्टचा दुसरा डाव ३८७ वर संपला, त्यात एकट्या हजारेंच्या ३०९ धावा. धर्म गाळला, तर हिंदू संघाचे विजय मर्चंट एका बाजूला आणि हजारे दुसऱ्या बाजूला का, हेच वाचकाला समजणार नाही. त्यांच्या आधीच्या पिढीतले फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू यांचंही तसंच: गुणवत्ता असून हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना जातीमुळे मिळालं नाही, ते पुढे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. तिथे जात गाळणं म्हणजे अन्याय झाकणं.

एक कच्चा परिच्छेद, ओळीओळीने

आता प्रत्यक्ष हात घालू. समजा, जत तालुक्यातल्या एका सोळा-सतरा वर्षांच्या धावपटूवर कुणी असा मजकूर आणून दिला (व्यक्ती काल्पनिक, पण असे परिच्छेद रोज येतात):

‘एसटी स्टँडमागच्या तिसऱ्या गल्लीत पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या या कन्येचा जन्म १ जून रोजी अमुक समाजातल्या अत्यंत गरीब कुटुंबात झाला. वडील व्यसनी असल्याने आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते. दहावीला ५२ टक्केच पडले, पण जिद्द सोडली नाही. अंगात रक्त कमी असल्याने गेल्या वर्षी दोन स्पर्धा हुकल्या. रोज पहाटे साडेचारला ती माळावरच्या रस्त्याने एकटीच पळते. राज्य स्पर्धेत ३००० मीटरमध्ये तिने सुवर्ण मिळवलं.’

पहिली गोष्ट: ज्याच्यासाठी नोंद आहे ते पदक शेवटी आलंय. ते वर न्या, स्पर्धेचं वर्ष, ठिकाण आणि वेळ जोडा. गल्ली आणि खोली काढा. ‘जत तालुका, सांगली जिल्हा’ पुरे. तारखेऐवजी वर्ष. समाज काढा. वडिलांचं व्यसन काढा. ते वडिलांचं आहे, आणि उद्या कॉलेजात तिला त्यावरून चिडवणारे हीच नोंद दाखवतील. आई शेतमजुरी करते हे मुलीने मुलाखतीत सांगितलं असेल तर राहू शकतं, ‘अत्यंत गरीब’ हे विशेषण मात्र नको. मजुरी म्हटली की वाचकाला कळतं. दहावीचे टक्के काढा. रक्ताचं काढून ‘आजारपणामुळे दोन स्पर्धांत उतरली नाही’ एवढं लिहा, तेही कुठे छापून आलं असेल तर.

आणि पहाटेचं वाक्य. ते वाचायला सगळ्यात सुंदर, म्हणून तेच ठेवायची इच्छा होते. पण त्यात अल्पवयीन मुलगी, ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता आणि ‘एकटीच’ एवढं सगळं एका ओळीत आहे. यातलं काहीही ठेवू नका. ‘नियमित सराव’ असंही लिहायची गरज नाही; सुवर्णपदक सरावाशिवाय येत नसतं.

शेवटी उरतात तीन-साडेतीन ओळी. ‘एवढंच?’ असं वाटेल. सतराव्या वर्षाची नोंद एवढीच असते. सातारची अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीची जगज्जेती झाली तेव्हा तीही सतरा वर्षांचीच होती. जगज्जेतेपद, साताऱ्यातला सराव, प्रशिक्षकाचं नाव, पुढे हांगझोऊ आशियाई स्पर्धेतली पदकं आणि अर्जुन पुरस्कार. खेळाने नोंद भरते, घराने भरावी लागत नाही.

‘पण हे तर पेपरात छापून आलंय!’

येऊ दे. छापून येणं ही पहिली चाळण, शेवटची नव्हे. इंग्लंडचा क्रिकेटपटू बेन स्टोक्स याच्या कुटुंबात त्याच्या जन्माआधी घडलेली एक दुःखद घटना २०१९ मध्ये एका टॅब्लॉइडने पहिल्या पानावर छापली. मजकूर खोटा असल्याचा प्रश्न नव्हता. तरी २०२१ मध्ये त्या वर्तमानपत्राला माफी मागून भरपाई द्यावी लागली. ती घटना काय होती ते इथे लिहिलेलं नाही, आणि त्यावाचून मुद्दा अडलाही नाही.

दुसरी अडचण वर्तुळाची. कुणीतरी विकिपीडियावर विनासंदर्भ एक ओळ टाकतो. घाईतला उपसंपादक ती उचलून बातमीत घालतो. मग तीच बातमी विकिपीडियावर संदर्भ म्हणून येते. फेरफार नाही, दस्त नाही, आणि नाव मात्र उताऱ्यावर चढलं. ओळखायची खूण सोपी आहे: ती ओळ पानावर कोणत्या दिवशी आली ते ‘इतिहास’ या टॅबमध्ये बघा, आणि बातमीची तारीख त्याच्या नंतरची आहे का ते पाहा.

‘तिनेच इन्स्टाग्रामवर टाकलंय की’ हाही नेहमीचा युक्तिवाद. खेळाडूचं स्वतःच्या खात्यावरचं निवेदन स्वतःपुरतं चालतं: निवृत्ती, लग्न, दुखापत. दुसऱ्यांबद्दल ते चालत नाही. शिवाय चोवीस तासांनी आपोआप जाणारी स्टोरी तिने जाण्यासाठीच टाकलेली असते. तिचा स्क्रीनशॉट काढून कायमच्या नोंदीत चिकटवणं म्हणजे बोलणाऱ्याच्या नकळत टेप चालू ठेवणं.

‘मग काय फक्त गुणगान गायचं?’

नाही. खासगीपणाच्या आडून डाग लपवणं हीही लबाडीच. उत्तेजकाच्या प्रकरणात बंदी लागली, तिचा कालावधी आणि पदार्थ जाहीर झाला, की ते नोंदीत येतंच. कितीही लाडका खेळाडू असो. पण टप्पे पाळा. पहिला नमुना सदोष निघाला म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही. दुसरा नमुना आणि सुनावणी बाकी असते. तोवर ‘तात्पुरतं निलंबन’ हाच शब्द. निकाल सुटकेचा लागला तर तोही त्याच ठळकपणे, त्याच जागी.

फौजदारी प्रकरणात तक्रार, आरोपपत्र आणि शिक्षा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे पहिल्यातच निकाल लावायची घाई असते. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. नाव न घेता ‘अमुक गावची, अमुक वजनगटातली’ असं लिहिलं तरी ओळख उघड होते. छोट्या खेळांत एका वजनगटात तालुक्यातून एकच मुलगी असते.

कायद्याचं एवढंच सांगून पुढे जाऊ: ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. खेळाडू प्रसिद्ध झाला म्हणून तो हक्क संपत नाही, फक्त त्याच्या मैदानावरच्या कामापुरता आकसतो. विश्वकोशाची शिस्त कायद्याच्याही एक पाऊल मागे थांबते. कायदा ‘लिहू शकता’ म्हणतो तिथेही ‘लिहिण्याची गरज आहे का’ हा प्रश्न उरतोच.

खेळानंतरचं आयुष्य? ते येतं, जाहीर काम असेल तर. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत दहावी आली. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. पुढे ती महसूल सेवेत गेली, हे लिहायचं. तिच्या कचेरीतल्या मोबाइलचा नंबर सरकारी संकेतस्थळावर असला तरी तो लिहायचा नाही.

चुकून गेलंच तर

कुणाचा पत्ता, फोन, लहान मुलाचं नाव पानावर दिसलं तर आधी ते काढा, चर्चा नंतर. काढताना ‘बदलांचा आढावा’ या रकान्यात ‘संदर्भाविना खासगी माहिती काढली’ एवढंच लिहा. तिथे तो फोन नंबर परत टंकणारे महाभाग असतात.

मग लक्षात ठेवा, पानावरून काढलं तरी ते ‘इतिहासात’ शिल्लक राहतं. कुणीही जुनी आवृत्ती उघडून वाचू शकतो. ती आवृत्ती लपवण्याचा अधिकार प्रचालकांना, म्हणजे विकिपीडियाची देखरेख करणाऱ्या सदस्यांना असतो. त्यांना ईमेलने कळवा. नोंदीला जोडलेल्या, सगळ्यांना दिसणाऱ्या चर्चा पानावर ‘इथे अमक्याचा पत्ता आलाय, काढा’ असं लिहिलं तर आपणच दवंडी पिटल्यासारखं होतं.

तारीख पानातून काढली आणि तरी उजवीकडच्या चौकटीत दिसतेय? बऱ्याच मराठी पानांवर ती चौकट विकिडेटा नावाच्या वेगळ्या साठ्यातून आपोआप भरते. दुरुस्ती तिथे जाऊन करावी लागते. गूगलच्या शोधात जुनी माहिती त्यानंतरही काही काळ दिसत राहते, त्याला इलाज वाट पाहण्याचा.

खेळाडूला किंवा घरच्यांना आपल्याच नोंदीतली चूक सुधारायची असेल तर स्वतः पान बदलण्यापेक्षा चर्चा पानावर संदर्भ देऊन सांगावं. महसूल खात्यात चावडी वाचन असतं ना, नोंदी सगळ्यांसमोर वाचून हरकती घेतात, तीच ही जागा. ‘मी त्याचा मामा आहे, मला माहीत आहे’ हा दस्त होत नाही. महासंघाच्या पानाचा दुवा होतो.

आणि फोटो. घराच्या अंगणात पदक गळ्यात घालून काढलेला फोटो मोबाइलवरून थेट चढवला, तर त्या फाइलच्या पोटात अक्षांश-रेखांश जातात. म्हणजे मजकुरातून कष्टाने काढलेला पत्ता फोटोतून पुन्हा बाहेर. चढवण्याआधी फोटोच्या तपशिलात जाऊन ठिकाण पुसा, आणि मागच्या भिंतीवर घर क्रमांकाची पाटी किंवा दारातल्या गाडीची नंबर प्लेट दिसतेय का तेही बघा. दिसत असेल तर मैदानावरचा फोटो शोधा.